सिगारेट सोडवणारा कोच: पैसे नेमके कशाचे मोजायचे

सिगारेट सोडायला मदत करणारा कोच घ्यावा का? घ्यावा. मात्र होकार देण्यापूर्वी त्याचं वेळापत्रक मागून घ्यावं, कारण या सेवेचा कस तिथेच लागतो. पहिल्या भेटीत सगळेच कोच छान बोलतात. काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवतात, ‘तुमच्या इच्छाशक्तीवर माझा विश्वास आहे’ म्हणतात, भिंतीवर लावायला एक तक्ता देतात. ओढणाऱ्याला हे सगळं आधीच पाठ असतं. निकोटिन तुटल्याचा त्रास शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि पुढच्या दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. जे पॅकेज ‘आठवड्यातून एक फोन’ म्हणतं आणि पहिला फोन सातव्या दिवशी करतं, त्याने सगळ्यात अवघड आठवडा तुमच्या नशिबावर सोडलेला असतो.

आधी आकड्यांचं बघू. कसलीही मदत न घेता सोडणाऱ्या १०० जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकतात ते साधारण ३ ते ५. निकोटिनचा पॅच, गम किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी यांनी हे प्रमाण बरंच वाढतं. औषध चालू असताना समुपदेशनाची जोड दिली, तर यशाची शक्यता आणखी १० ते २० टक्क्यांनी वाढते. हे टक्के मूळ आकड्यावरचे आहेत, म्हणजे नुसत्या औषधावर १०० पैकी १५ जण टिकत असतील तर समुपदेशनासह १७-१८. ऐकायला हे फारसं वाटत नाही. पण दुसरा एक आकडा शेजारी ठेवून बघा: पॅच आणि गम दोन्ही एकत्र वापरणाऱ्यांचं यश एकच प्रकार वापरणाऱ्यांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी जास्त असतं. आपल्या मनाने औषध आणणारे बरेचजण एकच प्रकार घेतात, तोही कमी ताकदीचा, आणि जरा बरं वाटलं की बंद करतात. चांगला कोच आपले पैसे वसूल करून देतो तो इथे. डोस बरोबर बसवतो, वापरायची पद्धत दुरुस्त करतो आणि पुरेसे दिवस चालू ठेवायला लावतो. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांसाठी तंबाखू सोडण्याची पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली, तिच्यातही समुपदेशन आणि औषध हातात हात घालूनच येतात. त्यामुळे ‘आमची पद्धत शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणत औषधाच्या नावाने नाक मुरडणारा कोच पहिल्याच फेरीत बाद करायला हरकत नाही. संमोहन, लेझर, अॅक्युपंक्चर यांची पॅकेजंही त्याच रांगेत. त्यांचा खात्रीलायक फायदा आजवरच्या अभ्यासांत दिसलेला नाही.

पहिली भेट

पहिल्या भेटीला पाऊण तास ते तास लागायला हवा. वीस मिनिटांत आटोपली तर काहीतरी विचारायचं राहून गेलं असं समजा.

‘दिवसाला किती ओढता?’ हे सगळेच विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न आहे, ‘उठल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांनी?’ फागरस्ट्रॉम चाचणी नावाची ६ प्रश्नांची, ० ते १० गुणांची एक साधी चाचणी आहे, आणि तिच्यात या प्रश्नाला सिगारेटींच्या संख्येइतकंच वजन आहे. पाच मिनिटांच्या आत पेटवणाऱ्याला ३ गुण, अर्ध्या तासाच्या आत २, तासाभरात १, त्यानंतर ०. संख्येचे गुण असे: १० पर्यंत ०, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्यापुढे ३. घाई असेल तर या दोन प्रश्नांवरही काम भागतं. दिवसाला बाराच ओढणारा, पण डोळे उघडताच पेटवणारा माणूस, अठरा ओढणाऱ्या पण सकाळी दहानंतर सुरुवात करणाऱ्या माणसापेक्षा निकोटिनला जास्त बांधलेला असतो. नुसती संख्या बघून डोस ठरवणारा कोच या पहिल्या माणसाला हमखास कमी डोस देतो.

मग मागच्या प्रयत्नांचा पंचनामा. ‘पॅच लावला होता, उपयोग झाला नाही’ हे वाक्य कोचला रोज ऐकायला मिळतं. त्यावर ‘हरकत नाही, या वेळी जमेल’ म्हणणारा कोच कच्चा. किती मिलिग्रॅमचा होता, किती वाजता लावत होता, रात्री काढत होता का, किती दिवस लावला, पहिली सिगारेट कितव्या दिवशी आणि कुणाबरोबर ओढली, हे सगळं खोदून काढणारा पक्का. बहुतेक वेळा यातूनच कळतं की औषध फसलं नव्हतं, मात्रा किंवा मुदत फसली होती.

तिसरी गोष्ट, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं यंत्र. समोरासमोर सेवा देणाऱ्याकडे हे नसेल तर का नाही ते विचारा. श्वास आत घेऊन १५ सेकंद रोखायचा (यंत्र उलटी मोजणी दाखवतं), मग नळीतून सावकाश, फुप्फुसं रिकामी होईपर्यंत फुंकायचं. घाईने फुंकलं की आकडा खोटाच कमी येतो. १० पीपीएमच्या (श्वासातल्या हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे दहा भाग) खाली म्हणजे न ओढणारा, हा बऱ्याच सेवांचा निकष. काही जण त्याहून कडक धरतात. विश्रांतीत असताना हा वायू रक्तातून दर चार ते सहा तासांनी निम्मा होतो, त्यामुळे यंत्र फक्त गेल्या दिवसभराचं सांगतं. आदल्या आठवड्यात ओढलेली सिगारेट त्याला दिसत नाही. दुधातली साखर न पचणाऱ्या माणसाचा आकडा न ओढताही वर जाऊ शकतो, कारण पोटात तयार होणारा हायड्रोजन वायू काही यंत्रांना चकवतो. नीट न जळणारा हीटर किंवा गाडीचा धूर यांनीही तो चढतो. हे माहीत नसलेला कोच प्रामाणिक माणसाला खोटं ठरवून मोकळा होतो. लघवीतली किंवा लाळेतली कोटिनिनची (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची) चाचणी मात्र पॅच-गम घेणाऱ्यांना निरुपयोगी आहे. औषधातलं निकोटिनही तिच्यात दिसतं.

शेवटी तारीख. एक ते दोन आठवड्यांतली, ठरलेली, कॅलेंडरवर लिहिलेली. ‘रोज एक-एक कमी करत जाऊ’ हा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण संख्या घटते तसा माणूस नकळत झुरके खोल घेतो, शेवटापर्यंत ओढतो आणि आत जाणारं निकोटिन फारसं घटत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६९७ जणांच्या एका चाचणीत निम्म्या लोकांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, निम्म्यांनी दोन आठवडे कमी करत आणून सोडली. औषध आणि समुपदेशन दोघांनाही होतं. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनी २२ विरुद्ध १५.५. एकदम सोडायची हिंमतच होत नसेल त्याला कमी करत आणणं हा मार्ग उरतोच, पण कोचने पहिला पर्याय म्हणून तो पुढे करू नये.

डोस, म्हणजे या सेवेचा गाभा

दिवसाला १० पेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २४ तासांच्या पॅचची नेहमीची वाटचाल अशी: २१ मिलिग्रॅम ६ आठवडे, मग १४ मिलिग्रॅम २ आठवडे, मग ७ मिलिग्रॅम २ आठवडे. १० किंवा त्याहून कमी असतील तर १४ पासून सुरुवात, ६ आठवडे, आणि पुढे २ आठवडे ७. पॅच संथपणे निकोटिन सोडत राहतो, लावल्यावर चढायलाच काही तास लागतात. अचानक उसळलेली तलफ त्याच्याने आवरत नाही. म्हणून सोबत गम किंवा लॉझेंज (तोंडात विरघळवायची निकोटिनची गोळी). पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिल्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन ते चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार ते आठ तासांनी, असं गमचं मूळ वेळापत्रक आहे. दिवसाची कमाल गमची २४, लॉझेंजची २०. पॅच असताना गम इतके लागत नाहीत. तेव्हा ते ठरावीक अवघड वेळांसाठी राखायचे.

आता गम चघळण्याची रीत. ही नुसती तोंडी सांगून भागत नाही. समोर बसवून, एक गम तोंडात टाकायला लावून शिकवावी लागते, आणि जो कोच ते करतो त्याला माझ्याकडून दोन गुण जास्त. सावकाश चावायचं. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की थांबायचं आणि गम गाल व हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचा. चव गेली की पुन्हा काही वेळा चावायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचा. अर्धा तास हेच. निकोटिन रक्तात जायला हवं ते गालाच्या आतल्या त्वचेतून. साध्या च्युइंग गमसारखा भराभर चावला की ते लाळेबरोबर पोटात जातं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं वाया जातं, आणि पदरात पडतात उचक्या, छातीत जळजळ, मळमळ. लोक म्हणतात गम मला सोसत नाही. गम सोसत असतो, चावणं चुकलेलं असतं. दुसरी चूक म्हणजे कॉफी, फळांचा रस किंवा शीतपेय घेऊन लगेच गम तोंडात टाकणं. आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको. गंमत अशी की कॉफीबरोबरची सिगारेट चुकवण्यासाठी लोक नेमका कॉफीबरोबरच गम घेतात. तो कॉफीच्या आधी, वेळ राखून संपवायचा.

पॅचचंही असंच. कोरड्या, स्वच्छ, केस नसलेल्या जागी, दंडावर, छातीवर किंवा पाठीवर लावून तळहाताने दहा सेकंद दाबून धरायचा. रोज नवी जागा, तीच जागा आठवडाभर पुन्हा नाही, नाहीतर खाज आणि लाल चट्टे येतात. त्या जागी क्रीम किंवा तेल लावलेलं असेल तर पॅच दुपारपर्यंत सुटतो. शेकायची पिशवी त्यावर ठेवायची नाही, उष्णतेने निकोटिन भराभर सुटतं. एमआरआय करायच्या आधी काढायचा, कारण काही पॅचच्या पाठीला धातूचा थर असतो आणि कातडी भाजू शकते. वापरलेला पॅच चिकट बाजू आत घडी करून मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा, कारण त्यात निकोटिन उरलेलं असतं. विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवावा. मग मात्र सकाळ अवघड जाते, आणि त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

गोळ्या हा डॉक्टरांचा प्रांत. कोचने त्यांची माहिती द्यावी, पण चिठ्ठी लिहू शकणाऱ्या डॉक्टरांशी त्याचा संपर्क आहे की नाही ते आधी विचारा. व्हॅरेनिक्लिन सोडण्याच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू होतं: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ दोनदा, मग १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे. मळमळ ही त्याची नेहमीची तक्रार. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घेतलं की ती बरीच कमी होते. मूत्रपिंड कमकुवत असेल तर मात्रा बदलते. हे औषध मनावर वाईट परिणाम करतं अशी भीती अजून फिरते. २०१६ मध्ये ८,००० हून अधिक लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत पॅच किंवा नकली गोळीच्या तुलनेत तसा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या वेष्टणावरचा चौकटीतला इशारा काढायला लावला. तरीही मनोविकाराचा इतिहास असेल तर डॉक्टरांच्या नजरेखालीच. बुप्रोपिऑन ही दुसरी गोळी फिट येणाऱ्यांना किंवा खाण्याचे विकार असणाऱ्यांना चालत नाही. गरोदर बाईने कुठलंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही.

डोस कमी पडतोय हे ओळखायचं कसं? दिवसभर चिडचिड, लक्ष न लागणं, गम संपता संपता दुसऱ्याची आठवण. जास्त झालाय हे कसं? मळमळ, धडधड, डोकं दुखणं, गरगरणं. पहिल्या आठवड्यात कोचने फोनवर हेच विचारत राहायचं असतं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच सेवांमध्ये सुटलेली दिसते. सिगारेटच्या धुरातले डांबरी घटक यकृतातलं एक एन्झाइम भडकवून ठेवतात. त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरात कॅफिन आणि काही औषधं लवकर संपतात. सिगारेट थांबली की आठवडाभरात ते एन्झाइम मूळ पातळीवर येतं आणि तेवढ्याच कपांतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन राहू लागतं. झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्याचा त्रास सोसवत नाही. अर्धा त्रास कॉफीचा असतो. चहा-कॉफी सोडण्याच्या दिवसापासून निम्म्यावर आणायला सांगणं हा फुकटचा, एका वाक्याचा सल्ला आहे. क्लोझापिन, ओलांझापिन (मनोविकारावरची औषधं) किंवा थिओफायलिन (दम्यावरचं) घेणाऱ्यांच्या बाबतीत हाच मामला गंभीर होतो. औषधाची रक्तातली पातळी वाढून धोका होऊ शकतो, म्हणून तारीख ठरतानाच त्यांच्या डॉक्टरांना कळवायला हवं. पॅच लावल्याने हे टळत नाही, कारण दोष धुराचा आहे, निकोटिनचा नाही. मधुमेहात इन्सुलिनची गरजही बदलू शकते. पहिल्या भेटीत ‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत?’ हा प्रश्न आला नाही तर सेवेचे निम्मे गुण कापा.

तिसरा दिवस

फोनचं वेळापत्रक कसं असावं? सोडण्याच्या आदल्या दिवशी एक, त्या दिवशी संध्याकाळी एक, तिसऱ्या दिवशी एक, सातव्या दिवशी एक. मग चौथ्या आठवड्यापर्यंत दर आठवड्याला. पुढे आठव्या आणि बाराव्या आठवड्यात. फोन पाच-दहा मिनिटांचे असले तरी चालतात, फक्त त्यांत काम झालं पाहिजे. तिसऱ्या दिवसाचा चांगला फोन साधारण असा जातो:

‘पॅच किती वाजता लावला?’

‘दहाच्या सुमारास, अंघोळ झाल्यावर. रात्री काढून ठेवला होता.’

‘आणि तलफ कधी आली?’

‘साडेसहाला. उठल्या उठल्या. नऊपर्यंत नुसता येरझाऱ्या घालत होतो.’

‘म्हणजे साडेसहा ते दहा तुमच्या अंगात औषध जवळपास नव्हतंच. उद्या डोळे उघडले की आधी पॅच लावा, अंघोळ नंतर करा, तो पाण्याने निघत नाही. आणि लॉझेंजचं पाकीट आज रात्री उशाशी ठेवा. पॅच चढेपर्यंत ते सांभाळेल.’

यात धीर देणारं एकही वाक्य नाही. तरी चौथी सकाळ तिसरीपेक्षा सोपी जाणार याची सोय झालेली आहे. उलट बाजूला ‘कसं वाटतंय? छान चाललंय, असेच राहा’ हा फोन. तो केला काय, न केला काय.

याच फोनवर अवघड वेळांचा हिशेब होतो. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते, पण त्या मिनिटांत काय करायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं, कारण ऐनवेळी डोकं चालत नाही. ‘मन दुसरीकडे वळवा’ हा सल्ला ढोबळ आहे. ‘जेवण झालं की ताटावरून उठून थेट दात घासायचे’, ‘बाहेर धूम्रपान करणारे उभे असतील तर दुसऱ्या दाराने जायचं’, ‘फोनवर बोलताना उजव्या हातात पेन’, असं जर-तर घातलेलं वाक्य हवं. कोचने ती वाक्यं आपल्या वहीतून काढून देऊ नयेत, तुमच्या दिवसातून काढून घ्यावीत. घरातली राखदाणी, लायटर, कोटाच्या खिशातलं विसरलेलं अर्धं पाकीट तारखेच्या आदल्या रात्री बाहेर गेलं का, हेही आदल्या दिवशीच्या फोनवर विचारलं गेलं पाहिजे. ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणून ठेवलेलं पाकीट अडचण बरोबर शोधून काढतं.

खोकला काही दिवस वाढणं, तोंड येणं, बद्धकोष्ठता हे सगळं होतं आणि जातं. आधी सांगून ठेवलं असलं की लोक घाबरत नाहीत. वजनाचं मात्र खरं सांगावं: पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. ‘अजिबात वाढणार नाही’ म्हणणारा कोच खोटं बोलतोय, आणि त्याच महिन्यात कडक डाएट सुरू करायला लावणारा दोन लढाया एकदम ओढवून घेतोय.

घसरलं तर

एखादा झुरका, एखादी सिगारेट घडते. पहिल्या दोन आठवड्यांत घडली तर पुन्हा पूर्ण सुरू होण्याची शक्यता मोठी असते, म्हणून तारखेपासून नियम एकच: एकही झुरका नाही. पण घडून गेल्यावर तोच नियम उलटतो. ‘आता मोडलंच आहे, तर पाकीट संपवू’ हा विचार त्या एका सिगारेटपेक्षा जास्त घात करतो. कोचने त्या वेळी विचारायचं ते असं: किती ओढल्या, कुठे, कुणी दिली, उरलेल्या कुठे आहेत. उरलेल्या फोन चालू असतानाच नळाखाली भिजवून टाकायच्या. पॅच तसाच राहू द्यायचा. सिगारेट ओढली म्हणून घाबरून पॅच काढणं ही फार मोठी आणि फार जणांकडून होणारी चूक आहे. त्या एका सिगारेटने पॅचसह मोठा धोका होत नाही, पॅच काढल्याने मात्र संध्याकाळपर्यंत दुसरी नक्की होते. नवी तारीख लगेच ठरवायची नाही, जुनीच चालू धरायची. सलग काही दिवस ओढलं गेलं असेल तरच नव्याने मांडामांड, आणि तेव्हा आधी डोस तपासायचा.

रागावणारा कोच इथे पूर्ण निकामी ठरतो. त्याला पुढच्या वेळी कुणी खरं सांगत नाही. मग त्याच्या वहीत सगळे यशस्वी असतात.

‘९० टक्के यश’

तेव्हा त्या वहीबद्दल. जाहिरातीतल्या टक्क्यांना चार प्रश्न विचारा: किती महिन्यांनी मोजलं, कुणाला मोजलं, सापडले नाहीत त्यांचं काय केलं, आणि तोंडी विचारलं की यंत्राने तपासलं. संशोधनात रसेल मानक नावाची पद्धत २००५ पासून रूढ आहे. सहा किंवा बारा महिने, त्या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी नाहीत, श्वासाच्या चाचणीने खात्री, आणि संपर्क तुटलेला प्रत्येक जण ‘ओढतो आहे’ असाच धरायचा. समजा २०० जणांनी पैसे भरले. सहा महिन्यांनी ६० जणांनी फोन उचलला, त्यातले ४५ म्हणाले सोडली. जाहिरातीत हे ७५ टक्के होतात. मानकाप्रमाणे ते २२.५, आणि यंत्र लावल्यावर आणखी खाली. खरं तर सहा महिन्यांनंतरचे २०-२५ टक्के ही चांगली सेवा आहे. तेवढाच आकडा सरळ सांगणाऱ्या कोचवर ९० सांगणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवा. चार आठवड्यांचा आकडा सांगत असतील तर तोही चालेल, फक्त तो सहा महिन्यांचा म्हणून खपवू नये. ‘पैसे परत’च्या हमीतल्या अटीही वाचून घ्या: अपयश कुणी ठरवायचं, एक फोन चुकला तर हमी जाते का.

समोरासमोर की फोनवर, एकट्याने की गटात? माझ्या मते यावर फार डोकं खपवू नये. गट नुसत्या पुस्तिकेपेक्षा नक्की बरा, पण एकट्याच्या समुपदेशनापेक्षा सरस असल्याचं स्पष्ट दिसत नाही. ज्याला चार लोकांसमोर बोलायचा संकोच नाही त्याने गट घ्यावा. व्हिडिओ किंवा फोनवर यंत्राची चाचणी सहसा होत नाही, बाकी सगळं होतं. मोबाइलवर आपोआप येणारे संदेश उपयोगी पडतात, ते जोडीला असावेत. नुसतं अॅप, ज्यात ‘न ओढलेल्या सिगारेटी’ मोजल्या जातात आणि बिल्ले मिळतात, त्याला कोच म्हणू नये. चॅटवर कोच असल्याचा दावा असेल तर एक साधी परीक्षा घ्या: ‘मला पॅचने खाज येतेय, काय करू?’ असं विचारा. जागा बदलण्याबद्दल नेमकं उत्तर आलं तर पलीकडे शिकलेला माणूस आहे. सुविचार आला तर पुढे जा.

निवड करताना प्रशिक्षण विचारावं. तंबाखूमुक्तीचं वेगळं प्रशिक्षण असतं आणि ते सर्वसाधारण ‘लाइफ कोच’च्या प्रमाणपत्रात येत नाही. स्वतः कधीकाळी ओढत होता ही पात्रता नाही, अडचणही नाही. मात्र तो स्वतःच पॅच-गम विकत असेल किंवा एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल तर डोस दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावा.

सेवेचा शेवट कसा आहे तेही करारातच बघा. पॅचचा पूर्ण क्रम १० आठवड्यांचा आणि गम किंवा व्हॅरेनिक्लिनचा १२ आठवड्यांचा असताना पॅकेज ६ आठवड्यांत संपत असेल, तर २१ वरून १४ वर उतरताना, म्हणजे तलफ पुन्हा डोकं वर काढते त्याच वेळी, तुमच्याकडे कोच नसेल. उतरताना त्रास झाला तर आधीच्या ताकदीवर आणखी दोन आठवडे राहता येतं, पण हा निर्णय डॉक्टर किंवा कोचशी बोलून घ्यायचा असतो. शेवटचा गम सोडणं काहींना जड जातं. तेव्हा ४ चा २ करायचा, मग रोजचा एक कमी करत जायचं. आणि १२ आठवडे संपल्यावर पुन्हा सुरू झाली तर नव्याने पूर्ण पैसे भरावे लागतात की उरलेले फोन वापरता येतात, हे पहिल्याच भेटीत विचारून लेखी घ्या.